नथूची काळी तीन

नथू, तुला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत मी पेटीवरचं फडकं काढलेलं नाही. पस्तीस वर्षं पेट्या वाजवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसाला पेटीचीच धास्ती वाटावी, हे ऐकून तू पोट धरून हसला असतास. "पेट्या, पेटीले घाबरस का वाघले?" असं काहीतरी म्हणाला असतास. माझं यशवंत हे नाव तू कधी घेतलंच नाहीस. पेटीवाला म्हणून पेट्या.

लोक येतात, दुकानाच्या फळीला टेकतात आणि तुझ्याविषयी बोलतात. नथुबुवांसारखा गळा खानदेशात झाला नाही, म्हणतात. पन्नाशी उलटली तरी बुवांनी काळी तीन सोडली नाही, म्हणतात. धुळ्यातल्या आपल्या चार नंबरच्या गल्लीतला चहावाला, ज्याला काळी कुठली नि पांढरी कुठली हे कळत नाही, तोसुद्धा काल "काळी तीन" म्हणून मान डोलवत होता. मीही त्याच्याबरोबर मान डोलवली. ती डोलवायला नको होती.

कारण शेवटची चार वर्षं तू काळी तीनमध्ये गात नव्हतास. पेटीवरची ती तिसरी काळी पट्टी मी दाबत होतो, तुला दिसत होती, समोर बसलेल्यांना दिसत होती. पण आतून येणारा सूर आधी एक, मग दोन पट्ट्या खालचा होता. पांढरी तीनचा. माझ्या पेटीतले सगळे सूर, म्हणजे आतल्या पितळी जिभा, मी कानशीने घासून खाली आणले होते, आणि हे मी तुला कधी सांगितलं नाही.

ते तुझ्याबरोबर गेलं असतं तर मीही गप्प राहिलो असतो. पण तुझा माधव गुरुवारी जळगावला चालला आहे. तिथल्या तुझ्या जुन्या नाटक कंपनीला नथुबुवांच्या जागी नथुबुवांचा मुलगा हवा आहे, तोही त्याच पट्टीत गाणारा. माधवने कापसाच्या जिनमधल्या कारकुनीचा राजीनामा देऊन टाकला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होतो? गेली चार वर्षं तो तुझ्या शेजारी बसून माझ्याच पेटीवर शिकला. तुमच्या घरचा तंबोराही माझ्या पेटीवरून लागायचा. दुसऱ्या कुठल्या पेटीवर तो कधी गायलेलाच नाही. आपण काळी तीनमध्ये गातो असं त्या पोराला मनापासून वाटतं, आणि खरी काळी तीन त्याने जन्मात कधी लावून पाहिलेली नाही. गुरुवारी कंपनीचा पेटीवाला ती पट्टी देईल, आणि मग सगळ्यांसमोर काय होईल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

तुझ्या गळ्याचं लक्षात ठेवता ठेवता तुझ्या पोराच्या गळ्याचं माझ्या लक्षातच आलं नाही. एवढी साधी गोष्ट. दुसरा कुणी पेटीवाला असता तर मी त्याला गाढव म्हटलं असतं.

तुला आठवतं का, आपली गाठ जळगावलाच पडली होती. कंपनीने एका जिनच्या आवारात तंबू ठोकला होता. मी पेटीचा भाता शिवायला गेलो होतो आणि तू मागे मुकुट, तलवारी मोजत होतास. मोजता मोजता गात होतास. मी सुई खाली ठेवली. अठरा-एकोणीस वर्षांचा किडकिडीत पोरगा आणि सूर तंबूच्या कनातीपलीकडे कापसाच्या गंजीवर बसलेल्या हमालांपर्यंत जात होता. ते गप्प झाले होते. मी तुला विचारलं, "कुणाकडे शिकलास?" तू म्हणालास, "मनी माय कडथून."

मला ती थट्टा वाटली. पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू मला पारोळ्याजवळ मामाच्या गावी नेलंस, तेव्हा कळलं. बोरी नदी आटलेली, नुसती वाळू. या काठच्या निंबाला झोका, त्या काठच्या निंबाला झोका. तुझी माय माहेरी आलेली, आणि तिची लहानपणची मैत्रीण पलीकडच्या गावात माहेरी आलेली. दोघींनी चाळिशी ओलांडलेली. माय इकडून एक ओळ म्हणायची, तिकडून दुसरी यायची. मधे सगळं वाळूचं पात्र तापलेलं. झोका वर गेला की माय ओळीचा शेवटचा शब्द सोडायची, म्हणजे तो लांब जायचा. तू मला म्हणालास, "पाहाय, माय म्हनस, सूर त्या काठले गया पाहिजे. आठेच पडना तं तो कसाना सूर?" तुझं सगळं गाणं तिथून आलं. उंच सूर तुझ्या लेखी शोभेसाठी नव्हता, पलीकडे कुणीतरी वाट पाहत होतं म्हणून होता. हे मला पटायला बरीच वर्षं लागली.

बाकीचं तू जिथून मिळेल तिथून उचललंस. शिरपूरच्या बाजारात सातपुड्यातल्या बायका मोळ्या विकायला यायच्या, परत जाताना रांगेने गात जायच्या. तू त्यांच्यामागे गावाबाहेरपर्यंत चालत जायचास आणि लोक तुझ्याकडे पाहून काही भलतंच समजायचे. एकदा दोघा गड्यांनी तुला अडवलंही होतं. "गानं ऐकी राहिनू भो," असं तू सांगितलंस, आणि त्यांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. मी सोडवलं म्हणून हातपाय शाबूत घरी आलास. त्या बायकांच्या गाण्यातली ती बारीक, नाकात घोळणारी जागा तू मग नाटकातल्या पदात घातलीस. पुण्याकडचे लोक विचारत, ही हरकत कुठल्या घराण्याची? तू गंभीर चेहरा करून सांगायचास, सातपुडा घराण्याची.

आणि हुसेनचाचा. मोमीन मोहल्ल्यात माग चालवायचे, आणि मोहरमला मर्सिया, ती शोकगीतं, म्हणायचे. आपला तबलजी कादरभाई त्यांचाच मुलगा. त्यांचा दम मला अजून आठवतो, एका श्वासात अख्खी ओळ. तू सहा महिने त्यांच्या मागाशेजारी बसलास. माग थांबवून त्यांनी तुला कधी शिकवलं नाही, काम करता करताच सांगायचे. "बेटा, रोना सुर में आने दे, गले में मत आने दे." तू ते कितीदा मला सांगितलंस. तुझ्या करुण पदांना लोक रडायचे तेव्हा तुझे डोळे कोरडे असायचे, आणि मला वाटायचं, चाचांचं ऐकलंस बुवा.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून झालं, आणि ते तुझ्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मिटलं नाही. मला खर्ज आवडतो. खालच्या सप्तकात, सावकाश, गळ्याला न ताणता गाणारा माणूस मला जवळचा वाटतो. तुला असं गाणं सहन व्हायचं नाही. एकदा धुळ्यात असेच एक बुवा आले होते, तुला मी ओढून नेलं. तू अर्ध्यातून बाहेर आलास आणि पायऱ्यांवर बसून म्हणालास, "इहिरमां माणूस पडेल शे, कोनी दोर टाका रे!" मला इतका राग आला की दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तू जळगावची केळी घेऊन दुकानात आलास, सोलून माझ्या हातात दिलीस, आणि पुन्हा तेच म्हणालास. मला हसू आलं. पण माझं म्हणणं मी सोडलं नव्हतं. माणसाचा गळा जिथे सैल होतो तिथे त्याचं गाणं असतं, असं मी म्हणायचो. तू म्हणायचास, गळा सैल पडला म्हणजे माणूस म्हातारा झाला.

मग तुला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. उठलास तेव्हा अंगावर कातडं तेवढं राहिलं होतं, तरी दीड महिन्यात शिरपूरचं गाणं घेतलंस. मी नको म्हटलं होतं. दुसऱ्याच पदात वरच्या षड्जाला तुझा आवाज फाटला. तू पुन्हा गेलास, पुन्हा फाटला. लोक चांगले होते, टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनीच तुझं कंबरडं मोडलं.  घरी जाऊन तंबोऱ्याच्या तारा उतरवल्यास, आणि तीन महिने त्याला हात लावला नाहीस.

ते तीन महिने मी कसे काढले ते तुला माहीत नाही. तू दुकानात यायचास, पेट्यांकडे पाठ करून बसायचास. एक दिवस मला म्हणालास, "पेट्या, आते कसाले ऱ्हावानं?" आणि उठून पांझरेच्या पुलाकडे गेलास. मी दुकान उघडं टाकून तुझ्यामागे आलो. तू पुलावर उभा होतास, खाली बघत होतास. पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं, तरी मी तुझा दंड धरला. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "चल, भाता शिवायला मदत कर." तू आलास. त्या संध्याकाळी मी ठरवलं.

पट्टी उतरव, असं तुला सांगता आलं असतं. शंभर गवई उतरवतात. पण तुझ्या मायचा सूर, त्या काठला जाणारा, तू खाली आणणार नव्हतास हे मला माहीत होतं. मग मी पेटीच उतरवली. पितळी सूर मुळाशी घासला की खाली येतो. एक सूर घासायचा, वाजवून बघायचा, परत घासायचा. जास्त घासला तर मोडतो, आणि लढाई सुरू झाल्यापासून जर्मन सूर मिळेनासे झाले होते, म्हणजे एक मोडला तरी बोंब. जाड सुरांच्या टोकाला कथलाचा थेंब दिला. साडेतीन सप्तकांची दुहेरी पेटी, पंधरा दिवस लागले. आधी एक पट्टी खाली आणली. दुसरी पट्टी पुढच्या वर्षी.

तू आलास, मी सहज म्हटलं, जरा गाऊन बघ. तू नको नको म्हणत बसलास. मी काळी तीन दाबली. तू तंबोरा लावलास, सूर लावलास, आणि आवाज गेला वर. न फाटता. तू थांबलास. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला आनंद झाला पाहिजे होता. झालाही, खोटं कशाला सांगू. पण त्याच क्षणी भीतीही आत शिरली, आणि ती चार वर्षं तशीच राहिली.

कादरभाईंना पहिल्याच दिवशी कळलं. तबल्याची पुडी तेवढी उतरवावी लागली तर हाताला कळणारच. ते हातोडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. त्यांनी लाकडी गट्टे वर ठोकून पुडी सैल केली आणि ठेका धरला. त्यानंतर आजतागायत आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही. तुझ्या मातीला आले तेव्हा मात्र माझा हात धरून बराच वेळ उभे होते.

तुझं नाव पुन्हा वाढलं. बोलावणी यायला लागली. प्रत्येक बोलावण्याबरोबर मी हिशेब करायचो. तिथे दुसरी पेटी असेल तर? कुणा शहाण्याने दोन पेट्या शेजारी ठेवून वाजवल्या तर? मी म्हणून कुठेही, पावसात, उन्हात, स्वतःची पेटी मांडीवर घेऊन निघायचो. लोक म्हणत, काय ही निष्ठा! तूही एकदा चारचौघांत म्हणालास, "मना पेट्या मनाकरता पेटी वाहस." मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आणि एरंडोल. तिथल्या यजमानांनी पुण्याहून नवी पेटी आणवली होती. हौशी माणूस, काही केल्या ऐकेना. माझी पेटी त्यांनी स्वतः उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. समोर दीडशे माणसं, तू आधीच माझ्या पेटीवर तंबोरा लावून बसलेला, आणि माझ्यापुढे एक अस्सल, न घासलेली पेटी. काळी तीन दाबली असती तर तंबोरा आणि पेटी यांचं जमलंच नसतं, सगळ्या सभेला कळलं असतं. मी पांढरी तीन दाबली. कुणाला दिसू नये म्हणून पेटी किंचित तिरकी केली. कादरभाई उगाच खोकले.

तू माझ्या बोटाकडे पाहिलंस, नथू. मग डोळे मिटलेस आणि आलाप सुरू केलास.

दोन तास मी तसाच वाजवत होतो. परत येताना बैलांच्या दमणीत तू पान चघळत म्हणालास, "एरंडोलनं पानी चांगलं शे. गळा मोकळा लागना." मी हो म्हटलं. तू नुसतंच तिकडे पाहिलं असशील, अशी मी स्वतःची समजूत घातली. आपण डोळे मिटायच्या आधी कुठेतरी बघतोच की. ती समजूत मी दोन वर्षं धरून ठेवली होती.

ती काल माधवने मोडली. सकाळी आला, फळीवर बसला. तुझ्यासारखाच, एक पाय वर घेऊन. मला म्हणाला, "काका, गुरुवारी तुम्ही पेटी लईसन मनासंगे जळगाव या. कंपनीवाला सांगतीस आमनी पेटी शे, पन आपन आपलीच न्यावानी." मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "बाबानी सांगेल शे. जावाना आदला दिवस माले जोडे बसाडं, आनि म्हने, काकानी पेटी सोडीसन दुसरी पेटीवर गाऊ नको. शपथ लिधी मनी."

बापाने शेजारी बसवून घेतलेली शपथ सांगून तो गेला, तशा मी फळ्या लावून घेतल्या आणि आत बसलो. तुला माहीत होतं. तंबोऱ्याच्या तारा ढिल्या लागल्या हे तुझ्या बोटांना कळलंच असणार, कादरभाईंच्या हाताला कळलं तसं. मी तुला फसवतो आहे म्हणून चार वर्षं तुझ्या शेजारी बसून कापत होतो, आणि तू मला ते करू देत होतास. मला तुझा इतका राग आला, नथू, की तुझ्या दहाव्याला रडलेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं. आपलं काय, आपण दोघं म्हातारे. पण पोराला त्यातच ठेवून गेलास? त्याने जन्मभर एका घासलेल्या पेटीच्या आधाराने हिंडायचं? आणि मी मेल्यावर? हे सूर आणखी किती वर्षं टिकतील? एक सूर मोडला की त्याचं गाणं संपलं.

आणि खरं सांगतो, तरीही मनात आलं होतं की जावं. गुरुवारी पेटी मांडीवर घेऊन त्याच्याबरोबर जावं, नेहमीसारखी काळी तीन दाबावी, कंपनी खूश, माधव खूश, तुझं नाव शाबूत. सांगितलं तर चहावाल्यापासून सगळे काय म्हणतील? नथुबुवांची काळी तीन खोटी होती. हे पसरायला एक दिवस पुरे. आणि माधव माझ्याकडे कसा बघेल?

इथवर रविवारी लिहून ठेवलं होतं. आज मंगळवार. माधवला सांगितलं.

दुपारी त्याला बोलावून घेतलं. एका गिऱ्हाइकाची पेटी भाता शिवून तयार होती, सूर न घासलेले. ती त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, यावर गा. त्याने शपथेची आठवण दिली. मी म्हटलं, शपथ माझ्यावर. त्याने स्वतःच काळी तीन दाबली, सूर लावला आणि चेहरा कावराबावरा झाला. खालचं कसंबसं निभावलं. वर गेला आणि आवाज फाटला, तुझा शिरपूरला फाटला होता तसाच. तो मला म्हणाला, "ही पेटी चढेल शे का, काका?" मी म्हटलं, नाही बाबा, माझी उतरलेली आहे. आणि मग सगळं सांगितलं. पूल, कानस, एरंडोल, सगळं. बोलताना मी पेटीकडे बघत होतो, त्याच्याकडे बघायची छाती झाली नाही.

त्याने ती काळी तीन पुन्हा एकदा दाबून पाहिली. मग विचारलं, "मंग मी कोनता सूरमां गास?"

आम्ही शोधला. पांढरी तीन, म्हणजे ज्यात तो गेली तीन वर्षं गात आला ती. त्यात आवाज गेला वर, पण मानेची शीर ताठ झाली. मला आजवर वाटायचं, ती ताठ शीर म्हणजे तुझी नक्कल आहे. मी म्हटलं, आणखी खाली ये. काळी दोन. पांढरी दोन. त्याला ते आवडत नव्हतं, लाजल्यासारखा गात होता. काळी एकवर आला आणि त्याने सूर लावला, नथू, आणि शीर बसली. खांदे उतरले. खालचा षड्ज असा भरून आला की शेजारच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून दारात आला. हा गळा त्याच्याकडे होताच. तू पलीकडच्या काठाला आवाज द्यायला शिकवलंस आणि पोरगा बिचारा ओरडत राहिला. तू असतास तर म्हणाला असतास, दोर टाका रे. मला रडू आलं, आणि या वेळी तुझ्यासाठी नव्हतं.

पण म्हणून माझी भीती गेली असं समजू नकोस. कंपनीला काळी तीन हवी आहे. काळी एकमध्ये गाणारे त्यांना छपन्न मिळतील. जिनची नोकरी गेली ती गेली. गुरुवारी दहा वाजता तिथे त्याच्या शेजारी मी नसेन, कारण त्याने मला येऊ नका म्हणून सांगितलं. पट्टी मीच मागेन, म्हणाला. त्यांनी तोंड वाकडं केलं तर परत येईन. हे सगळं तो शांतपणे बोलला, आणि त्याच्या त्या शांतपणाचीच मला जास्त धास्ती वाटली. रोज निघताना पायांना हात लावणारं पोर आज तसंच चपला घालून उभं राहिलं.

जाता जाता त्याने विचारलं, "बाबाले माहीत व्हतं?"

मी म्हटलं, असावं. मी कधी विचारलं नाही.

"चार वरीस? रोज जोडे बसेत तुम्ही, आनि इचारं नही?"

मी गिऱ्हाइकाच्या पेटीचा भाता मिटला.  तो फळीवरून खाली उतरला. म्हणाला, "काका, एकदाव तरी इचारं पाहिजे व्हतं," आणि गल्लीच्या वळणावरून दिसेनासा झाला.

त्याचं बरोबर आहे. तू रागावशील म्हणून मी विचारलं नाही, तू गाणं सोडशील म्हणून विचारलं नाही, तू पुन्हा त्या पुलावर जाशील म्हणून विचारलं नाही. आता तसं काही होण्यासारखं उरलेलं नाही. म्हणून विचारतो, नथू. तुला माहीत होतं ना?